पाईप माझा, चिंधी कुणाची

वस्तादानं मला फसवलं. माझ्या गाडीच्या इंजिनाकडे हवा नेणाऱ्या रबरी नळ्यात त्यानं आपल्या हातानं चिंधी कोंबली, ती काढायला विसरला, आणि गाडी ओढेनाशी झाल्यावर टपरीवर दहा माणसांत माझ्या पाईपकडे बोट दाखवलं. झालं ते एवढंच. बाकीचं लिहितोय ते हे कुणाला खोटं वाटू नये म्हणून.

देवळाली प्रवराच्या बाजूला माझं जुन्या पाईपांचं आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सुप्याच्या कंपन्यांतून निघालेला माल लॉटनं उचलायचा, निवडायचा आणि शेतकऱ्याला विकायचा, हा धंदा. सुरुवात सायकलच्या हँडलला पंपाचे फूटव्हॉल्व्ह टांगून केली. वडिलांचं दुकान नव्हतं, शिक्षण नव्हतं, कुणाची चिठ्ठी नव्हती. जीभ होती. समोरचा माणूस चपलेत कसा उभा आहे यावरून त्याला किती घाई आहे हे मला कळतं, आणि ज्याला घाई तो हरतो. राग मात्र मला आवरत नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली, एक भागीदार गेला. पण मी दिलेला माल गळला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. जुना पाईप विकणाऱ्याकडे दुसरं असतं काय? त्यानं ‘गळणार नाही’ म्हटलं की गळता कामा नये.

वस्तादाचं गॅरेज माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे. आम्ही दोघांनी एकाच लिंबाखाली बसून सुरुवात केली. त्याच्याकडे तेव्हा नट खोलायचे चार पाने आणि एक पत्र्याची पेटी होती, माझ्याकडे सायकल. दोघांच्याही खिशात काही नसताना तो मला ‘शेठ’ म्हणायचा आणि मी त्याला ‘वस्ताद’. थट्टा होती ती. पुढं तीच आमची नावं पडली.

माझी गाडी सात सीटची, डिझेलवर चालणारी, दुसऱ्याच्या हातून आलेली. चांगली होती, पण उन्हाळ्यात नगरला जाताना विळद घाटात तिचा दम जायचा. मागं दोन पंप टाकले की तिसऱ्या गिअरमध्ये कुंथायची आणि दुसऱ्यावर यायला लावायची. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं मला मागं टाकावं, ही गोष्ट मला सहन होत नव्हती. वस्तादाला विचारलं तर म्हणाला, “वय झालं तिचं. तुझंबी झालंय.”

मी बोनेट उघडून बसलो. इंजिन मला कळत नाही, पण पाईप कळतो. एका टोकानं आत जातं, दुसऱ्या टोकानं बाहेर येतं. मध्ये कुठं अडतं, कुठं गळतं, एवढंच बघायचं असतं. हवा काय आणि पाणी काय. आणि बघतो तर, गाडीला हवा घेण्यासाठी पुढं जाळीपर्यंत जो नळा असायला हवा तो आधीच्या मालकाच्या काळातच तुटून गेलेला. गाडी हवा ओढत होती ती थेट इंजिनाच्या अंगावरची, तापलेली. भर मे महिन्यात गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं बसवून कुणाला पळायला सांगावं, तसं चाललं होतं.

मग मी माझ्याच दुकानातला माल वापरला. तीन इंची पाईपचा हातभर तुकडा, वळणावर जोडायचे दोन कोपर, चार क्लिपा. पहिल्यांदा तोंड खाली बंपरच्या मागं ठेवलं, तिथं हवा गार म्हणून. पुणतांब्याकडे जाताना पाटाचं पाणी रस्त्यावर आलं होतं, त्यात पुढची चाकं गेली आणि पाईपच्या तोंडाशी पाणी उडताना मला आतूनच समजलं की मी काय गाढवपणा केलाय. इंजिनानं पाणी ओढलं की संपलं. तिथंच गाडी बंद केली, ढकलून बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर घेतलं, दिव्याच्या मागं. मग पाईप इंजिनाच्या जवळ होता म्हणून उन्हात मऊ पडला, काकडीसारखा वाकला. त्याला वीतभर बाजूला सरकवला आणि पत्र्याच्या छताखाली लावतात तो चंदेरी फोम गुंडाळला. पाचट आणि माश्या आत जाऊ नयेत म्हणून तोंडाला जाळी बसवली. फिल्टरच्या डब्याचं रबर चपटं झालं होतं, तिथून धूळ फिल्टरला वळसा घालून आत जायची. तिथं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घातली. शेवटी इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाजवळ उदबत्ती धरली. जिथं धूर आत ओढला जाई तिथं क्लिप पुन्हा आवळली. ट्रॅक्टरच्या बोनेटवर असतो तो धूळ पकडणारा काचेचा वाडगाही लावून पाहिला. गाडीला तो मानवला नाही, दोन दिवसांत काढला.

गाडीला नवी ताकद आली असं मी कधीच म्हटलं नाही. हरवली होती ती परत आली. विळद घाट तिसऱ्यावर चढली. वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि उगाच तो पाईप हातानं चाचपला. गार होता. एखादा सौदा जिंकल्यावरही मला इतकं बरं वाटलेलं नाही.

वस्तादानं बघितलं आणि हसला. “शेठ, इंजिनाला ठिबकवर घेतलंस का?”

“घाटात ये बसून.”

“मी न्हाई येत. मला लेकरंबाळं हायेत.”

पण बाकीचे आले. एकानं बघितलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं. सात जणांनी आपापल्या गाड्यांना तसा पाईप बसवून घेतला. कुणाचा मूळचा नळा फुटलेला, कुणाच्या डब्याचं रबर गेलेलं. मी प्रत्येकाला सांगायचो, तोंड खाली ठेवू नका, फिल्टर बाहेरून हवा मारून साफ करू नका, धूळ आणखी आत घुसते. पुणतांब्याचा एक दूधवाला तर म्हणाला, “शेठ, तुमच्या शब्दावर लावतोय.” हे वाक्य मला तेव्हा गोड लागलं होतं.

ऊस सुरू व्हायच्या आत गाडीचं काम करून घ्यावं म्हणून मी ती वस्तादाकडे दिली. हवेच्या वाटेत काजळी साचते, ती साफ करायची होती. इंजिनाच्या तोंडाला लागणारा जाड रबरी नळा त्यासाठी काढावा लागतो. आणि तो काढला की उघड्या तोंडात चिंधी कोंबतात, नटबोल्ट आत पडू नये म्हणून. सगळेच मेकॅनिक कोंबतात. बरोबरच आहे ते.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर उद्या तोच सांगेल. त्या दिवशी मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. मला सुप्याला लॉट बघायला जायचं होतं. दोन दिवस लागतील म्हणाला, मी एका दिवसावर आणलं. संध्याकाळपर्यंत म्हणाला, मी दुपारवर आणलं. मला सवयच तशी. तो वैतागून म्हणाला, “आरं, भाजी हाय का ही?” मी म्हटलं, “हात चालव, तोंड न्हाई.” दुपारी तीनला त्यानं बोनेट आपटलं आणि किल्ली माझ्याकडे फेकली.

सुप्याला पोचेपर्यंतच गाडीचा जीव गेला होता. काळा धूर, आणि पाय दाबला तरी जणू कुणी मागून धरून ठेवलेली. येताना सपाट रस्त्यावरही तिला गिअर खाली घ्यावा लागला. सकाळी गाडी वस्तादापुढं उभी केली. त्यानं बोनेट उघडलं, मिनिटभर बघितलं, हात पुसले आणि टपरीकडे गेला. मी मागोमाग. टपरीवर सकाळची गर्दी होती. तिथं, चहाचा ग्लास हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला.

“ह्याच्या त्या पाईपनं इंजिनाची वाट लागली. शेतातला पाईप गाडीला लावतंय कुणी? धूळ खाल्ली त्यानं. आता टर्बोच नवा टाकावा लागंल.”

“अरे, काल सकाळपर्यंत घाट चढत होती!”

“आजार असाच असतोय शेठ. काल बरा, आज आडवा.” लोक हसले. मग त्यानं रस्त्यापलीकडे उभ्या गाडीकडे बोट केलं. “त्यो बगा पाईप. सात जनांनी लावलाय म्हनं. लावा, लावा. माझं गॅरेज चालंल.”

ते बोट माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेलं नाही.

पंधरा दिवसांत सातही पाईप निघाले. सहा जणांनी मला सांगितलंही नाही. कुणाच्या गाडीचं बोनेट उघडं दिसलं की मी वाकून बघायचो आणि पाईप नसायचा. सातवा पुणतांब्याचा दूधवाला. तो दुकानात आला, पाईप काउंटरवर ठेवला, आपटलाही नाही. “शेठ, तुमी मानूस चांगले हाय. पन माझं पोट गाडीवर हाय,” म्हणाला आणि गेला. त्याच्या गाडीला काही झालं नव्हतं. तरी त्यानं काढला. त्या आठवड्यात एका शेतकऱ्यानं पाण्याच्या मोटारीचा पाईप हातात घेऊन मला विचारलं, “ह्यो तरी गळनार न्हाई ना?” तरी! वीस वर्षांत हा शब्द माझ्या दुकानात कुणी उच्चारला नव्हता. मी त्याच्यावर ओरडलो. तो पाईप ठेवून गेला, ते योग्यच केलं त्यानं.

मी स्वतःचा पाईप काढला. राहुरीच्या भंगारातून त्याच मॉडेलचा मूळचा नळा शोधून आणला, कंपनीनं बसवला असेल तसा बसवला. गाडी तश्शीच. धूर तसाच. वस्तादाला सांगितलं तर म्हणाला, “नुकसान होऊन गेलं आता. विख काढलं म्हनून मेलेला उठतोय व्हय?”

यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत, कारण मी एका जागी बसलोच नाही. दुकान उघडून मागं जायचो, गाडी चालू करायचो, कान लावायचो, बंद करायचो. गिऱ्हाईक पुढं उभं असताना मी मागं. विळदपर्यंत जायचो, दुसऱ्या गिअरवर घाट चढायचो, वरून वळून खाली यायचो, पुन्हा चढायचो. जेवताना ताटाच्या कडेला बोटानं नळ्याची वाट काढायचो: जाळी, डबा, हवा दाबून पुढं ढकलणारा टर्बो, थंड करणारी जाळी, इंजिन. बायको एकदा म्हणाली, “गाडीला न्हाई, तुमालाच धाप लागलीय. बसा की जरा.” बसलो, आणि पुन्हा उठलो. माझं म्हणणं एकच होतं: काल चढत होती, आज चढत नाही, तर कालच्या आणि आजच्या मध्ये जे झालं ते बघा. आणि मध्ये झालं होतं फक्त वस्तादाचं काम. पण हे म्हणायला मला लाज वाटत होती. लिंबाखालचा माणूस तो.

शेवटी एका दुपारी मी ठरवलं की पाईपवाला आहेस तर पाईपवाल्यासारखं बघ. पाणी येत नसलं तर आपण काय करतो? टोकापासून एकेक जोड सोडतो. पुढच्या जाळीपासून सुरू केलं. एक क्लिप, एक नळा, आत हात, पुढं. इंजिनाच्या तोंडाचा तो जाड रबरी नळा शेवटचा. तो सोडला, वाकडा होता म्हणून आत बोट घातलं आणि बोटाला कापड लागलं.

वळणावर घट्ट दबून बसलं होतं. पक्कडीनं ओढून काढलं. काजळीनं काळं, तेलानं ओलं. पण कडेला, घडीच्या आत, जिथं काजळी पोचली नव्हती तिथं हिरवा रंग होता आणि मोरपंखी काठ.

हा टॉवेल मी ओळखला नसता तर नवल. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी देतात. त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही. ते एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतात आणि विरले की गॅरेजात जातात. वस्तादाला सगळी गावं बोलावतात, म्हणून त्याचा चिंध्यांचा डबा म्हणजे तालुक्यातल्या लग्नांची यादी. धाकट्या मुलीच्या लग्नात मी ठरवलं होतं की माझा टॉवेल असा फिरणारा नसेल. सोलापूरला स्वतः गेलो, प्रत्येक गठ्ठ्यातला टॉवेल चिमटीत चोळून घेतला. जाड, हिरवा, मोरपंखी काठाचा. आणि मांडवात पहिला टॉवेल वस्तादाच्या खांद्यावर मी माझ्या हातानं टाकला. तो म्हणाला होता, “शेठ, ह्यो मातुर मी अंगाला वापरनार.”

तो तुकडा मुठीत घेऊन मी रस्ता ओलांडला. गॅरेजात दोन गिऱ्हाईकं होती.

“हा कुणाचा?”

त्यानं बघितलं. एक क्षण, फार नाही, पण मी माणसाच्या चपला बघून धंदा केलाय; तो चपलेत हलला. मग म्हणाला, “तुझ्याच घरचा दिसतोय की.”

“माझ्या इंजिनात निघाला.”

“मग? टॉवेल तुझा, पाईप तुझा, गाडी तुझी. मला कशाला ईचारतो?” गिऱ्हाईकं हसली. “गावभर वाटलेस तू हे टॉवेल. तुझ्याबी डिकीत असंल एक. पाईप बसवताना तूच कोंबला असशील, आन् इसरला असशील. वय झालं शेठ.”

मी खूप बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण परतताना रस्त्याच्या मधोमध मी थांबलो, कारण त्याचं एक वाक्य माझ्या आत शिरलं होतं. डिकीत खरोखरच एक होता. पाईप बसवताना मी तो बाहेर काढला होता, हेही खरं. मी कोंबला असेल का? तो शेवटचा नळा मी तेव्हा सोडला नव्हता, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि खात्री असणं यात त्या दुपारी फरक पडला.

डिकी उघडली. टॉवेल होता. कांद्याच्या टरफलांत, अख्खा, चारी काठ शाबूत. मग हातातला तुकडा नीट बघितला. चौथा हिस्सा होता तो. दोन बाजूंना काठ, दोन बाजू फाडलेल्या, आणि फाडल्याच्या सुरुवातीला दातानं दिलेली चीर. वस्ताद टॉवेलाचे नेमके चार तुकडे करतो, काठाला दात लावून. पंचवीस वर्षं बघतोय. मी चिंधीसुद्धा फाडत नाही, मला जिवावर येतं.

म्हणजे बाकीचे तीन तुकडे त्याच्या डब्यात असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शटर वर करत होता तेव्हाच गेलो. थेट डब्याकडे. तेलाचा जुना डबा, वरून कापलेला, लिंबाखालच्या दिवसांपासून तोच. आयुष्यात पहिल्यांदा तो रिकामा करून पुसलेला होता. आत विकत आणलेल्या पांढऱ्या कापडाच्या चिंध्या, नव्या, घडी घालून ठेवलेल्या. तालुक्यातलं एकही लग्न त्यात नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो पान्याला पाना लावत राहिला. मग म्हणाला, “चा घेणार का?”

मी घेतला नाही.

आता गाडी पुन्हा ओढते. नळा साफ केला, जोड उदबत्तीनं तपासले, माझा पाईप पुन्हा बसवला. विळद तिसऱ्यावर. बघायला मात्र कुणी येत नाही. मी टपरीवर तो तुकडा दाखवला तर लोक म्हणाले, “जाऊ द्या शेठ, दोगांचं भांडान.” चहावाल्याकरवी वस्तादाचा निरोप आला, की यापुढं गाडीचं काम फुकट करीन. मी उलटा निरोप धाडला की फुकटच्या मालाला मी कधी हात लावत नाही.

वस्ताद, विसरलास, ते मी सोडतो. मी घाई केली होती. अर्धी चिंधी माझ्या घाईनं कोंबली असं म्हण हवं तर. माझा मानाचा टॉवेल फाडलास, तेही सोडतो, टॉवेल फाटायचेच. तू हे वाचणार नाहीस, पण टपरीवर कुणीतरी वाचून दाखवेल, तेव्हा ऐक. ज्या बाकड्यापाशी उभं राहून तू बोट दाखवलंस, तिथंच सकाळच्या गर्दीत उभा राहा. पुणतांब्याच्या दूधवाल्याला मी स्वतः घेऊन येतो. आणि त्याच्यासमोर मला एका प्रश्नाचं उत्तर दे, हो किंवा नाही: त्या सकाळी बोनेट उघडून मिनिटभर बघितलंस आणि मग माझ्या पाईपकडे बोट केलंस, तेव्हा आपली चिंधी आत राहिलीय हे तुला ठाऊक होतं का?